सासूला धुवायचं नाही

मालूमावशीकडे कुणीही आलं, अगदी गॅसवाला आला तरी, आधी तिच्या हॉलमधल्या त्या कपाटाचं दार उघडून आत बघावंच लागायचं. चहा नंतर. पाणी नंतर. आधी उकिडवं बसायचं आणि आत वाकायचं.

वर भलीमोठी फिश टँक, तिच्यात एकच मासा. खाली कपाटात दुसरी काचेची टाकी, ती संप टँक. वरचं घाण पाणी पाइपने खाली येतं, तिथे तीन खणांमधून गाळत गाळत पुढे जातं आणि शेवटी पंप ते परत वर ढकलतो. एवढंच. पण मावशीच्या तोंडून ऐकलं की वाटायचं पवना धरण हिनेच बांधलंय.

"हे बग," ती पळीने काचेवर टकटक करत सुरू व्हायची, "पयला खण म्हंजी धाकटी जाऊ. घरातली समदी घाण हिच्या अंगावर. हिला रोज धुवायचं, पिळायचं, परत कामाला लावायचं." म्हणजे पांढरा फिल्टरचा कापूस आणि स्पंज. "दुसरा खण म्हंजी सासू. ही काय करती? काय बी न्हाई! नुसती कोपऱ्यात बसून ऱ्हाती. पर हिला हलवली का घर बसलं. हिला हात लावायचा न्हाई, हिला धुवायचं न्हाई, 'जरा सरका' बी म्हनायचं न्हाई. आन तिसरा खण ह्यो कोळसा. ह्यो पावना. आला का घर कसं झकास, वास न्हाई का पिवळंपना न्हाई. मंग थोड्या दिसांनी हळूच वाटेला लावायचा. ठिवून घेतला तर काय कामाचा न्हाई, नुसता जागा अडवतो."

मी नेटवर फिल्टर मीडियावर, म्हणजे ह्या खणांत भरायच्या सामानावर, तासन्‌तास व्हिडिओ बघितलेत, माझ्याकडेही एक छोटी टाकी होती ना, पण मेकॅनिकल, बायोलॉजिकल, केमिकल हे प्रकरण मला डोक्यात बसलं ते जाऊ-सासू-पाहुणा ऐकल्यावरच. सासूच्या खणात जे काही भरतो त्यावर चांगले जिवाणू वस्ती करतात आणि माशाच्या घाणीतलं विष खाऊन टाकतात. ते तिथे नीट बसायला महिना लागतो. आणि मरायला एक बादली साबणाचं पाणी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मजा म्हणजे हे सगळं ती धाकट्या जावेच्या समोर सांगायची. सुमनकाकू तिथेच भाजी निवडत बसलेली असायची. कधीच काही बोलायची नाही. फक्त 'पिळायचं' हा शब्द आला की तिच्या हातातली गवार जरा जोरात मोडायची.

मावशीचं घर कुसगावात, आमच्या घराला लागून. शेत बरंचसं गेलं, जे राहिलं त्यात भात, आणि मागच्या दोन खोल्या शनिवार-रविवारी टुरिस्टांना. ही टाकी तिच्या मुलाची हौस. तो नोकरीसाठी तळेगावला राहायला गेला आणि टाकी 'नंतर नेतो' म्हणून मागे ठेवून गेला. नेली नाही. आतला ऑस्कर मासा तेव्हा बोटाएवढा होता. मग तो ताटाएवढा झाला, अंगावर काळा-केशरी नकाशा आला, आणि मावशीने त्याचं नाव ठेवलं सरपंच.

"का गं मावशी, सरपंच का?"

"खातो, ढेकर देतो आन काचंतून हात हलवतो. अजून काय पायजे?"

सरपंचाला सगळं कळायचं. मावशी हॉलमध्ये आली की तो शेपूट मारत पुढे. टुरिस्ट आले की पाठ. आणि मावशी दिवसभर त्याच्याशी बोलायची. भाताचं, मुलाचं, पंचायतीच्या नळाचं, सगळं. एकदा मी विचारलं एवढं काय बोलतेस, तर म्हणाली, "ह्यो एकलाच माझं बोलनं पुरं ऐकून घेतो. तुमी समदी अर्ध्यात उठून जाता." मी तेव्हा खरंच अर्ध्यात उठून निघालेच होते. परत बसले.

आता सासूच्या खणात काय भरायचं, हा मावशीचा आयुष्याचा प्रश्न. दुकानातलं काही घ्यायचं नाही हा तिचा बाणा. मग प्रयोग! पहिल्यांदा नारळाची शेंडी. पाणी दुसऱ्याच दिवशी कोऱ्या चहासारखं. नेमके टुरिस्ट आलेले, त्यातल्या एकीने घाबरून विचारलं, "आंटी, पाणी असं का आहे?" मावशी ढिम्म. "ह्यो डोंगरातला मासा हाय, ह्याला चहाच लागतो." त्या बाईंनी फोटो काढून नेटवर टाकला पण! सकाळी चहाच्या वेळी त्या बशी घेऊन टाकीपाशी उभ्या. सुमनकाकूने वेळेवर बशी काढून घेतली म्हणून बरं, नाहीतर सरपंचाला आल्याचा चहा मिळाला असता.

मग तारेचा काथ्या, भांडी घासायचा. तो गंजला. मग केसांचे प्लॅस्टिकचे कर्लर, एका टुरिस्ट मुलीचे राहून गेलेले. ते खरं तर चालतात बरं का, मी व्हिडिओत बघितलंय, पण मुलगी पुढच्या शनिवारी कर्लर न्यायला आली आणि मावशीने शपथेवर सांगितलं की हितं काय बी न्हाई. मागे टाकीच्या कपाटातून पाण्याची खळखळ.

पण सगळ्यात भारी ते कोळशाचं. पवनानगरला धरणाकाठी टेंट लावतात, तिथे मावशीचा भाचा कामाला. ती तिकडे गेली आणि बार्बेक्यूचा उरलेला कोळसा पिशवी भरून घेऊन आली. "दुकानवाला कोळशाचं पुडकं विकतो. आन हितं लोकं टाकून देत्यात." मी म्हटलं, अगं तो वेगळा असतो, फिल्टरचा. म्हणाली कोळसा तो कोळसा. संध्याकाळी टाकीवर तेलाचा तवंग आणि अख्ख्या हॉलमध्ये पनीर टिक्क्याचा वास. सरपंच कोपऱ्यात तोंड करून बसला, दोन दिवस कुणाशी बोलला नाही. सुमनकाकू पहिल्यांदा आपणहून बोलली. टाकीकडे बघून म्हणाली, "लिंबू आनू का, आक्का?"

शेवटी मावशीचं बस्तान बसलं ते कौलांवर. जुन्या गोठ्याची मंगळुरी कौलं उतरवली होती, ती तिने फोडून, धुऊन, लाल तुकड्यांनी सासूचा खण भरला. आणि जमलं! भाजलेली माती, बारीक भोकं, जिवाणूंना राहायला झकास. पाणी असं नितळ झालं की सरपंच हवेत तरंगतोय वाटायचं. मग काय विचारता. मावशी गावभर कौलांचा प्रचार करत सुटली.

आणि तिथेच तिची गाठ पडली आगाशे काकांशी.

आगाशे काका लोणावळ्यात राहतात, रिटायर्ड, त्यांच्याकडे एंजल माशांची टाकी आणि शब्द तोलून बोलायची सवय. बाजारातल्या माशांच्या दुकानात ते इम्पोर्टेड सिरॅमिक रिंगांचा डबा हातात घेऊन उभे होते. मी आणि मावशी सरपंचाचं खाणं घ्यायला गेलेलो. मावशीने डब्यात डोकावलं.

"ही कुरकुरी कशाची? चहासंगं खायाची का?"

"बाई, हे सिरॅमिक आहे. एकेका रिंगेत असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात."

"छिद्रं आमच्या छपरालाबी हुती. म्हनून तर कौलं काढली."

"कौलं? तुम्ही फिल्टरमध्ये छपराचा मलबा घालता?"

मलबा! झालं. त्या दिवसापासून युद्ध. दुकानात भेटले की सुरू. काका म्हणायचे, मालतीबाई, कसा आहे तुमचा मलबा? मावशी म्हणायची, आगाशेभाऊ, कुरकुऱ्या मऊ पडल्या का? तिचं जाऊ-सासू-पावना तर काकांना तिथेच पाठ झालं होतं. दुकानदार दोघांना खुर्च्या द्यायचा, त्याचं गिऱ्हाईक वाढायचं म्हणे. मला आठवतंय, एकदा काका सहज म्हणाले की एकदा येऊन बघा तरी माझा सेटअप. मावशी म्हणाली, "मी मेले तरी तुमच्या दारात येनार न्हाई. माझा सरपंच मेला तरी येनार न्हाई." दुसरं वाक्य बोलून झाल्यावर तिने पटकन दुकानाच्या लाकडी काउंटरला हात लावला. मी बघितलं.

आता नवरात्राचं. आमच्याकडे घट बसायच्या आधी घर धुतात म्हणजे धुतातच. गोधड्या, चादरी, पडदे, डबे, पाट, सगळं. पूर्वी नदीवर न्यायचे, आता गच्चीवर. त्या वर्षी मावशी सकाळीच अंगणात उभी राहून हुकूम सोडत होती, मला आमच्या किचनमध्ये ऐकू येत होतं. "सुमे, घरात एक चिंधी बी पारोशी ऱ्हायला नको! कोपरान्‌कोपरा धू! मला विचारत बसू नको!" आणि ती गेली शिरगावला, साईबाबांच्या देवळात, बहिणीबरोबर.

सुमनकाकूने कोपरान्‌कोपरा धुतला.

कपाटातला पण.

दुपारी मावशी परत आली आणि तिची हाक अशी आली की आमच्या आईच्या हातातून लाटणं पडलं. मी धावले. संप टँकचा मधला खण रिकामा. लख्ख. काच पुसलेली. मावशी त्याच्यासमोर बसलेली आणि सुमनकाकू मागे ओल्या साडीत उभी.

"सुमे... सासू कुटं हाय?"

"गच्चीवर. वाळत घातलीय."

"धुतली?"

"व्हय. साबनाच्या पान्यात भिजवली, मंग तीनदा खंगाळली. लय मळलेली हुती ओ आक्का, निस्ता चिखल निगाला."

तो चिखल म्हणजेच ते सगळे जिवाणू. महिनोन्‌महिने जमलेले. गटारात.

"तुला म्हनले हुते ना, हिला हात लावायचा न्हाई!"

"आन आज काय म्हनलात? एक चिंधी बी पारोशी नको, मला विचारत बसू नको." सुमनकाकू शांत. "तुमी शेवटचं जे म्हनता तेच म्या करते. रोज तसंच असतंय."

मी गच्चीवर पळाले, म्हटलं थोडी तरी ओली असेल. उन्हात जुन्या साडीवर कौलांचे तुकडे पसरलेले, कडक वाळलेले. आणि त्यांच्यामध्ये... पांढऱ्या, गोल, बोटाच्या पेराएवढ्या रिंगा. ढीगभर. इम्पोर्टेड.

मी वळले तर मावशी मागे. माझ्याकडे बघितलं, रिंगांकडे बघितलं, दोरीवरचा टॉवेल ओढला आणि त्यांच्यावर टाकला.

"ऊन लागंल त्यास्नी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच वर आला. पृष्ठभागापाशी तोंड उघडून धापा टाकत होता, पंख अंगाला चिकटवलेले. मी माझं टेस्ट किट आणलं. पाण्यात थेंब टाकले की पिवळं राहायला हवं, ते हिरवंगार झालं. म्हणजे विष साठायला लागलं. त्याचं आवडतं गांडूळ मावशीने बोटात धरून नेलं. त्याने बघितलंसुद्धा नाही. मावशी टाकीसमोर पाटावर बसली आणि गप्प झाली. मालूमावशी. गप्प. मला सरपंचापेक्षा तिचीच भीती वाटायला लागली.

विहिरीचं पाणी आणून आम्ही अर्धी टाकी बदलली, मी, माझी आई, सुमनकाकू, बादल्यांची रांगच. पण ते तात्पुरतं. खरा उपाय एकच, दुसऱ्या कुणाच्यातरी मुरलेल्या टाकीतला न धुतलेला मीडिया आणून आपल्या खणात घालायचा. म्हणजे जिवाणू तयारच मिळतात. माझी टाकी वीतभर, तिच्यातलं काढून एवढ्या मोठ्या माशाला काय पुरणार. जवळपास मोठी, जुनी, मुरलेली टाकी एकच. ती कुणाची ते सांगायला नकोच.

"तू फोन लाव," मावशी म्हणाली. "म्हन, तुझ्यासाठी पायजे."

मी स्पीकरवर लावला. "काका, मला ना थोडा मीडिया हवा होता, म्हणजे माझ्या टाकीसाठी, एक किटलीभर."

"किटलीभर? तुझी टाकी केवढी आहे?"

माझं तिथेच संपलं, मला खोटं बोलताच येत नाही. मावशीने फोन हातातून घेतला. टाकीत सरपंच एका कुशीवर कलला, सावरला, परत कलला.

"आगाशेभाऊ," ती म्हणाली, "माझी सासू गेली."

मग काका म्हणाले, "कुणी धुतली?"

कुठे आहात, काय झालं, मी सांगितलं नव्हतं का, काही नाही. "निघतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

स्कूटर आली. पायाशी दुधाची मोठी किटली, डोक्यावर हेल्मेट, आणि ते हेल्मेट न काढताच काका टाकीसमोर उभे. सरपंचाकडे बघितलं. "अरे अरे अरे," एवढंच म्हणाले, आणि त्या अरेमध्ये मलबा नव्हता, काही नव्हतं. मग म्हणाले, "जुना मीडिया कुठे आहे? साबण किती मुरलाय बघू."

माझं बोट गच्चीकडे गेलं आणि मावशी जिन्याच्या दारात आडवी. "वर कशाला? वर घसरडं हाय."

"मालतीबाई, ऊन पडलंय."

"जिना मोडकाय."

"आत्ताच तुमची जाऊ गोधडी घेऊन चढली."

गेले वर. आम्ही मागे. काकांनी दोन बोटांनी टॉवेल उचलला.

मी मावशीकडे बघायची हिंमत केली नाही. काका खाली वाकले, एक रिंग उचलली, चष्म्याजवळ नेली, उलटीपालटी केली, आणि परत जागेवर ठेवली. अगदी हळू.

"कुरकुऱ्या छान वाळल्यात," म्हणाले.

मावशीच्या कानाच्या पाळ्या लाल. ती तरातरा खाली उतरली आणि राग काढायला म्हणून किटलीचं झाकण खाडकन उघडलं. आत त्यांच्या टाकीतलं पाणी, त्यात जाळीची पिशवी, चिखलाने माखलेली, जिवंत. तिने पिशवी वर उचलली. चिखल ओघळला.

आत लाल तुकडे. कौलांचे.

मावशीने एक तुकडा काढून अंगठ्याने पुसला. त्यावर अर्धवट कोरलेली रेघ होती, तिच्या गोठ्याच्या कौलांवर होती तशीच.

"हे आमचं कौल हाय."

आता काकांनी हेल्मेट काढलं. बहुतेक गरम व्हायला लागलं असावं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघं एकदमच वळले, सुमनकाकूकडे. ती जिन्यात बसून चादर पिळत होती.

"माझ्याकडं काय बघताय?" ती म्हणाली. "आक्का म्हनल्या, दुकानातनं रिंगा आन, कौलांच्या मदी दडव, आन कुनाला सांगू नको. तुमी बाजारात म्हनलात, वहिनी, थोडी कौलं द्या, आन कुनाला सांगू नका. म्या सांगितलं का कुनाला?"

आणि चादर पिळली. अशी पिळली की शेवटचा थेंबसुद्धा राहिला नसेल.

आधी काका हसले. खाकरल्यासारखं. मग मावशी, ती हसायला लागली की तिला भिंत धरावी लागते. मी तर जमिनीवरच. पण हसता हसता मावशीचा हात खणात जात होता, काकांची पिशवी ती दोन्ही हातांनी आत ठेवत होती, तान्हं मूल पाळण्यात ठेवतात तशी.

पुढचे दिवस सरपंचाला उपास, रोज थोडं पाणी बदल, रोज माझं टेस्ट किट. हिरवं, कमी हिरवं, पोपटी. काका रोज यायचे. घट बसले, मावशीने देवीसमोर माळ बांधली आणि एक हळद-कुंकवाचं बोट हळूच कपाटाच्या दारालाही लावलं. मग एका सकाळी काका टाकीवर वाकून पंपाचा आवाज ऐकत होते आणि सरपंचाने आतून अशी जोरात पिचकारी मारली की चष्मा, मिशी, शर्ट, सगळं ओलं.

"जगला!" मावशी ओरडली. "माज आला म्हंजी जगला!"

त्यानंतर त्यांनी एक पद्धत पाडली. मावशीची एक पिशवी कायम काकांच्या टाकीत, काकांची एक हिच्या टाकीत. परत कुणाची धुतली गेली तर दुसऱ्याकडे जिवंत असावी म्हणून. महिन्यातून एकदा अदलाबदल. टुरिस्टांना मावशी सांगायची, "ही सासू लोनावळ्याला व्याह्यांकडं जाऊन येऊन असती." दुकानातलं भांडण मात्र तसंच चालू, मलबा, कुरकुऱ्या, खुर्च्या, सगळं, आणि दुकानदाराला अजून काही माहीत नाही. एक बदल झाला. पहिल्या खणाला आता ती धाकटी जाऊ म्हणत नाही. त्याचं नाव आगाशे. रोज धुवायचा, पिळायचा, परत कामाला लावायचा. सुमनकाकू हे ऐकताना गवार अगदी हळुवार मोडते.

मला नोकरी लागली आणि मी बंगळुरूला निघाले. स्टेशनला जायची रिक्षा कुसगावच्या फाट्यावर वळली तर समोर काकांची स्कूटर. मागे मावशी एका बाजूला पाय टाकून बसलेली, मांडीवर चिखलाने माखलेली जाळीची पिशवी, तिचं पाणी काकांच्या पँटवरून सरळ बुटात. आणि दोघं भांडत होते, भर रस्त्यात, मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजत असताना, रिंगांचा थर खाली की कौलांचा खाली. काकांनी उत्तर द्यायला मान मागे वळवली की मावशी त्यांचं हेल्मेट धरून परत पुढे वळवत होती.

मी रिक्षातून हात काढून ओरडले, "मावशी!"

तिने बघितलं. काकांच्या पाठीकडे बघितलं, मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं, आणि पदर तिच्यावर ओढून घेत बोट ओठांवर ठेवलं.

"कुनाला सांगू नको गं!"

मी मान हलवली. जोरात हलवली. पण मी काही सुमनकाकू नाही.